मुकादमाचा अडुळसा

पुणे रोडवरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की केडगावात थंडी आली म्हणायची. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरने मोठ्याने लावलेली गाणी, आणि वळणावर हमखास खाली पडणारी कांडकी. माझं ब्लाउज शिवायचं दुकान रस्त्यालाच आहे. गिऱ्हाईक बायका शाल सावरत म्हणतात, काय छान हवा पडलीय हो. मी हो म्हणते आणि सुईत दोरा ओवते. मला त्या ट्रॉल्या बघून छान वगैरे काही वाटत नाही. ट्रॉली भरून आली याचा अर्थ कुठलं तरी रान मोकळं झालं. आणि एक रान मोकळं झालं की त्यात राहणारा शेजारच्या रानात जातो.

कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या अंगाला आमची वस्ती आहे. वस्ती म्हणजे गाव नव्हे. रानात एकटं घर, एक गोठा, विहीर, आणि चारी बाजूंनी ऊस. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. रान भाऊसाहेब वाट्याने करतो. तो पलीकडच्या वस्तीवरचा, आईला काकू म्हणतो, तिच्या हातचं पिठलं खातो आणि वर तिलाच अक्कल शिकवतो. मी एकुलती एक. 'आई, चल माझ्याकडे' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते फोनवरच्या हॅलोसारखं झालंय. ती ते ऐकते आणि पुढच्या विषयाला लागते.

उसात बिबट्या असतो हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पेपरवाले बिबट्या लिहितात, आम्ही वाघच म्हणतो, आणि आई नुसतं 'त्यो' म्हणते. वर्षभर तो दिसत नाही. उसात जन्मतो, उसात वाढतो, ऊस हेच त्याचं जंगल. दिवाळी झाली की पूर्वेकडून, पाथर्डीच्या बाजूने तोडीच्या टोळ्या येतात आणि एकेक फड पडायला लागतो. आज याचं रान, उद्या त्याचं. तो मागे मागे सरकत जातो. शेवटी ज्याचा फड उभा राहतो, त्याच्याकडे तो मुक्कामाला येतो. गेल्या वर्षी शेवटचा फड आमचा होता.

तो शेवटचा का राहिला, ते एका नावामुळे.

आमच्या कुत्र्याचं नाव मुकादम. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, आमच्या बांधाला पडल्या होत्या. टोळी पुढच्या गावाला गेली, कोप्यांच्या जागी चुलीची राख आणि एक पिल्लू राहिलं. मोठा झाल्यावर हा दिवसभर बांधावर बसून दुसऱ्यांची कामं बघायचा. खुरपणाऱ्या बायका सावलीला बसल्या की उठून भुंकायचा. स्वतः मात्र काडी इकडची तिकडे केली नाही. तेव्हा वडील होते. तेच म्हणाले, हा कुत्रा नाही, टोळीवरचा मुकादम आहे. नाव चिकटलं. वडिलांनी चांभाराकडून त्याला चामड्याचा पट्टा करून आणला, बाहेरच्या बाजूने खिळ्यांची टोकं काढलेला. वाघ आधी मानेला धरतो, म्हणून आमच्याकडे कुत्र्याला तसा पट्टा घालतात. मुकादमाला तो शोभून दिसायचा. कुरवाळायला गेलं की आमचेच हात खरचटायचे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला आईच्या फोनमध्ये एक वाक्य यायला लागलं. "कुनाला तरी लई खोकला झालाय बघ उसात." मी म्हटलं, असेल कोणी तोडकरी. "व्हय, आसंल. आडुळशाचा काढा घ्या म्हनावं." दिवेलागणीच्या वेळी, ती चुलीपुढे बसली की उसातून खोकल्याचा आवाज यायचा. कोरडा, एकामागोमाग एक, करवतीने लाकूड कापावं तसा. तिने एकदा ओट्यावर उभं राहून विचारलंसुद्धा, "कोन खोकतंय रे?" आवाज थांबला. तिला वाटलं, माणूस लाजला. पुढे भाऊसाहेब म्हणाला, "काकू, आपल्या उसात आजून कुनी पाय ठेवला न्हाई. टोळी यायचीय." वाघाचा आवाज असा खोकल्यासारखाच असतो, हे आईला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरातली ती, तिला माहीत नसेल तर कुणाला? पण तिने ते तोंडाने म्हटलं नाही, आणि मी दुकानात बसून ब्लाउजच्या गळ्याला कॅनव्हास लावत राहिले.

आमच्या घरात दिवाळीचा पहिला दिवस दोन प्रकारचा असतो. वडिलांच्या घराण्यात वसुबारस. संध्याकाळी गाय-वासराला ओवाळायचं, गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी करायची. आईच्या माहेरी डोंगरात त्याच दिवशी वाघबारस करतात. वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावायचा, नव्या तांदळाची खीर ठेवायची, आणि आमची गुरं सांभाळ म्हणायचं. म्हणजे खाणाऱ्यालाच सांभाळायला सांगायचं. आई लग्न होऊन इकडे आली ती हा सण पदरात बांधून घेऊन आली. गाईला ओवाळून झालं की ती बांधाच्या कोपऱ्यावरच्या एका दगडापाशी जाते, पानावर खीर ठेवते आणि उसाकडे तोंड करून हात जोडते. वडील चेष्टा करायचे, "दोन्ही पार्ट्यांना खूश ठेवतेस तू." ती म्हणायची, "ठिवाया लागतं." लहानपणी मीही तिच्यामागे जाऊन हात जोडायची. सकाळी खीर संपलेली असायची. मुकादम आल्यावर ती तोच खातो हे आम्ही पाहिलं, पण आईने ते मान्य केलं नाही.

दिवाळी झाली, टोळी अजून यायची होती, आणि मुकादम गेला. आई भाकरी थापत होती. तो एकदा भुंकला. दुसरं भुंकणं अर्धंच आलं. ती हातातलं उलथनं घेऊन बाहेर आली तेव्हा उसाची कडेची पानं हलत होती, वारा नसताना. हलणं आत आत गेलं आणि थांबलं. एवढंच. रक्त नाही, झटापट नाही. "भाकरी करपली गं," ती मला फोनवर म्हणाली. तिला रडताना मी फारसं पाहिलेलं नाही. त्या दिवशी ती रडली, आणि मला तिथे जाऊन तिला धरावंसं वाटलं.

भाऊसाहेबाने सकाळी टपरीवर सांगितलं, "मुकादम नेला वाघानं." टपरीवरून ते कोल्हारच्या चौकात गेलं, चौकातून कुणाच्या तरी फोनवर, आणि तिथून पुढे टोळ्यांच्या गावांना. वाटेत त्यातला कुत्रा गळून पडला. जी टोळी आमच्या फडावर यायची होती तिने परस्पर दुसरीकडे कोप्या टाकल्या. भाऊसाहेबाने त्यांच्या खऱ्या मुकादमाला फोन लावला तेव्हा मी वस्तीवरच होते. तो ओट्यावर येरझाऱ्या घालत ओरडत होता.

"आवो कुत्रा हुता! कुत्रा!"

पलीकडचा आवाज फोनमधून आम्हालाही ऐकू आला. "मेलेल्या मानसाला कुत्रा म्हनता व्हय? लाजा वाटू द्या."

भाऊसाहेब फोनकडे बघत राहिला. मला हसू फुटलं, आईलाही. ती पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग आम्ही तिघांनीही उसाकडे बघितलं आणि हसणं बंद झालं. कोणीही तोडायला येणार नव्हतं. आजूबाजूची रानं रोज थोडी थोडी पडत होती. आमच्या घराभोवतीचा ऊस तेवढा तुऱ्यावर येऊन उभा होता, आणि त्याच्या मधोमध माझी आई.

भाऊसाहेबाने नंतर पुष्कळ खटपट केली. पण आपला माणूस खाल्लेल्या फडात कोयता लावायचा नाही, असं एकदा ठरलं की ठरलं. त्यांच्या जागी मी असते तरी गेले नसते. वनखात्याने पिंजरा आणून ठेवला, आत कोंबडी. वाघ फिरकला नाही. कोंबडीने पिंजऱ्यात अंडी घातली, ती आईने टोपलीत भरून भाऊसाहेबाच्या घरी पाठवली.

आमच्याकडे घरचं जनावर गेलं की बांधाला खड्डा घेऊन, मीठ टाकून पुरतात. वर एखादं झाड लावतात. आईच्या हातून अशा कितीतरी गाई-बैलांची माती झालेली. मुकादमाचं काहीच करता येत नव्हतं. "पुरायला काय तरी पायजे ना," ती म्हणत राहायची. दारात बसून त्याच्या जागेकडे बघायची. मला केडगावच्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई आठवल्या. त्यांचं मांजर गेलं तेव्हा त्यांनी गॅलरीत कुंडीत मोगरा लावला, त्याला त्या अजून मांजराच्या नावाने हाक मारतात. मी आईला म्हटलं, मुकादमाच्या नावाने एक झाड लावू. कुंडीत लावू.

"कुंडीत कशापायी? रान का कमी हाय?"

मी काहीतरी बोलले, पाणी कमी लागतं, उंदीर मुळं खात नाहीत, असलं. खरं कारण वेगळं होतं. कुंडी उचलता येते. जमिनीत लावलं की आई त्याच्याशी बांधली जाणार, आणि कुंडीत लावलं तर एक दिवस ते झाड रिक्षात घालून केडगावला नेता येईल, आणि झाडामागून आई येईल. मला तिला त्या उसातून बाहेर काढायचं होतं, बाकी काही नको होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली.

हायवेच्या कडेच्या नर्सरीत आम्ही गेलो. उन्हात हिरवी जाळी, खाली ओळीने काळ्या पिशव्यांतली रोपं, पाण्याचा वास. नर्सरीवाला उत्साही होता. त्याने मोगरा दाखवला. आई म्हणाली, त्याला वासाचं काय पडलं नव्हतं. गुलाब दाखवला. "त्यो काय नवरदेव हुता?" जास्वंद, शेवंती, पानं रंगवल्यासारखी दिसणारी कसलीशी विलायती झाडं. आई प्रत्येक झाडापाशी थांबायची, पान बोटात धरायची, सोडून द्यायची. साडीला फॉल निवडतानासुद्धा ती इतका वेळ लावत नाही. मी घाई करायला लागले. कुंडी मी आधीच निवडून ठेवली होती, प्लास्टिकची, विटकरी रंगाची, एका हाताने उचलता येईल अशी.

शेवटी नर्सरीवाल्याने विचारलं, "मावशी, तुम्हाला नेमकं कसलं झाड पाहिजे?"

आई म्हणाली, "ज्याला कुनी तोंड लावत न्हाई, आसलं दे."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान फिरवून हायवेकडे बघत उभी राहिले. त्याने विचार केला आणि मागच्या कुंपणाजवळून एक रोप ओढून आणलं. अडुळसा. शेळी याला तोंड लावत नाही, गाय लावत नाही, म्हणून लोक कुंपणाला लावतात. विकायला म्हणून तो ठेवतही नव्हता. आईने पान चुरगळून नाकाला लावलं, कडवट वासाने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "ह्ये बरंय."

परत येताना रोप तिच्या मांडीवर आणि रिकामी कुंडी माझ्या मांडीवर होती. मी मनात खूश होते. गॅलरीत उन्हाची बाजू कुठली, ते ठरवत होते.

वस्तीवर विहिरीजवळ एक दगडी डोणी आहे. बैलांना पाणी पाजायची, आजोबांच्याही आधीची, एका दगडातून कोरलेली. बुडाला तडा गेलाय, त्यातून पाणी झिरपतं. बैल गेले, मग त्या डोणीत मुकादम पाणी प्यायचा. आई रोज संध्याकाळी ती भरायची आणि सकाळपर्यंत ती झिरपून रिकामी व्हायची. मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तर आईने डोणीत माती आणि शेणखत भरलेलं, मधोमध अडुळसा उभा, आणि ती हाताने माती दाबत होती. तडा गेलेला होताच, पाणी जायला वेगळं भोक पाडायची गरज नव्हती. माझी विटकरी कुंडी तिने पालथी घातली होती आणि तिच्यावर ती बसली होती.

"कुंडीतच लावलंय," ती म्हणाली. "दगडाची हाय, एवढंच."

ती डोणी हलवायला गावातली चार माणसं लागतात. मला राग आला, खूप राग आला, आणि मी तो चहात फुंकत बसले. झाड रिक्षात घालून न्यायचा माझा बेत तिला पहिल्यापासून कळला होता. कुंडीला बरं म्हणाली तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या आधी डोणीपाशी गेले. झिरपलेल्या पाण्याने चिखल झाला होता आणि चिखलात एक पंजा उमटला होता. माझ्या तळहाताएवढा, कुत्र्याच्या पंजाला असते तशी नखांची खूण नाही. एकच. म्हणजे रोजच्यासारखा तो पाण्याला आला होता. मला कळलं की ती डोणी एवढे दिवस एकट्या मुकादमासाठी भरली जात नव्हती. मी आईला बोलावून दाखवलं. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "आता पानी न्हाई त्यात. कळंल त्याला." आणि झाडू आणून तो ठसा तिने झाडून टाकला.

शिमगा झाला, कारखान्याचा हंगाम सरत आला, तेव्हा कुठे फडात मशीन आलं. माणसं यायला तयार नव्हती, मशीनला कसली भीती. बांधावर सगळा गाव काठ्या घेऊन जमला होता. मीही गेले होते. मशीन बाहेरून आत कापत आलं, उभा ऊस गोल गोल लहान होत गेला, शेवटी एका खोलीएवढा राहिला. तोही पडला. आत काहीच नव्हतं. लोकांनी काठ्या खाली केल्या आणि जरा निराश झाल्यासारखे घरी गेले. मला मात्र तो निघाला असता तर बरं वाटलं असतं. बघितलेल्याची भीती संपते. हा गेला कधी, गेला कुठे, आणि गेला का, ते कुणालाच सांगता येईना.

पट्टा भाऊसाहेबाला सापडला, पाचटात, तोडीनंतर मागे राहिलेल्या वाळल्या पाल्यात. खिळे गंजले होते. पट्टा तुटलेला नव्हता, चावलेला नव्हता. बक्कल लावलेलंच होतं, गळ्यात असताना असतं तसं. आईने तो दोन्ही हातांनी धरला आणि डोणीतली माती उकरून अडुळशाच्या मुळाशी ठेवला. वर चिमूटभर मीठ टाकलं. मिठाने झाड जळेल, मी म्हटलं. "जळू दे जळलं तर." जळलं नाही. पावसाळ्यात ते तिच्या कमरेपर्यंत आलं.

गेल्या वर्षीच्या त्या फडाचा यंदा खोडवा उभा आहे. ऊस तोडला म्हणून संपत नाही, बुडख्यातून परत फुटतो, आणि पहिल्यापेक्षा दाट होतो. यंदा वसुबारसेला मी मुद्दाम गेले. आईने गाईला ओवाळलं, मग बांधावर खीर ठेवली. मुकादम नव्हता. सकाळी जाऊन बघितलं, पान चाटूनपुसून स्वच्छ होतं. आईने ते बघितलं आणि मी बघितलेलं तिने बघितलं. टोळी ठरलीय, भाऊसाहेब म्हणतो, पण त्या फडाचं नाव निघालं की टोळीचा मुकादम अजून कुरकुरतो. मी पुन्हा म्हटलं, आई, चल माझ्याकडे. ती म्हणाली, "झाडाला पानी कोन घालंल?" ज्या झाडाने तिला आणायचं, तेच तिला धरून बसलंय, आणि ते मीच घेऊन दिलंय.

परवा तिचा फोन आला तेव्हा ती सहज बोलता बोलता म्हणाली, अडुळशाचा शेंडा कुणीतरी खाल्लाय. शेळी असेल, मी म्हटलं. "शेळी खात न्हाई म्हनून तर आनलं," ती म्हणाली आणि मेथीच्या भाजीबद्दल सांगायला लागली. मांजराचं पोट बिघडलं की ते पाला चावतं, हे मी वरच्या बाईंच्या गॅलरीत पाहिलेलं आहे. मी तिला ते सांगितलं नाही.

आज लवकर अंधारून आलंय. रस्त्यावरून ट्रॉल्या चालल्यात. हे लिहीत होते आणि मधेच आईला फोन लावला. ती ओट्यावरच होती, भाकऱ्या झाल्या म्हणाली. इकडच्या तिकडच्या गोष्टी चालल्या होत्या आणि तिकडे खोकल्याचा आवाज आला. कोरडा, एकामागोमाग एक.

"आई, खोकला कधीपासून आहे तुला? काढा कर ना."

"मला?" ती म्हणाली. "मी कुठं खोकले?"

मी उठून उभी राहिले. मांडीवरचं कापड खाली पडलं. "आई, आत जा. दार लाव."

"लावते. त्याला पानी घालायचं ऱ्हायलंय, तेवढं घालते न् लावते."

कोणाला, ते मी विचारलं नाही. अडुळशाला म्हणाली असेल. मुकादमालाही म्हणाली असेल. तिने फोन बंद केला नाही, ओट्यावर ठेवला असावा. बादली उचलल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. बराच वेळ पाणीच पडत होतं. आता तेही थांबलंय. कडी लावल्याचा आवाज यायची वाट बघत मी फोन कानाला लावून उभी आहे.